टर्न-बेस्ड लढाई जपानी आरपीजींनी सोडून द्यावी का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. जपानी आरपीजी (पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचे व्हिडिओ गेम) मनापासून खेळणारे इथे बरेच आहेत, हे इतर धाग्यांवरच्या प्रतिसादांतून दिसतं. म्हणून हा विषय मांडतोय.

जून २०२३ मध्ये फायनल फँटसी १६ आला आणि त्यातून टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने लढायची पद्धत पूर्ण गेली. लढाईची बाजू सांभाळायला घेतले र्‍योता सुझुकी, जे त्याआधी कॅपकॉममध्ये डेव्हिल मे क्राय ५ वर होते. आजच्या तरुण खेळाडूंना मेनूतून कमांड निवडून लढणं पटत नाही, अशा अर्थाचं निर्माते नाओकी योशिदा बोलले होते. मग ‘टर्न-बेस्ड संपलं’ हे जिथे तिथे वाचायला मिळू लागलं. दोनच महिन्यांत बेल्जियमच्या लारियनचा बाल्डर्स गेट ३ आला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ तोच ठरला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये द गेम अवॉर्ड्सचा तोच मान फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉलने केलेल्या क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ ला मिळाला. दोन्ही टर्न-बेस्ड, आणि दोन्ही जपानबाहेरचे. दुसरा तर जपानी आरपीजींवरच्या प्रेमातून केलाय, हे त्याचे दिग्दर्शक गियोम ब्रॉश उघड सांगतात.

माझं म्हणणं असं की लोकांना पाळीचा कंटाळा येत नाही. विचार न करता दाबलेल्या ‘अटॅक’चा येतो. कबड्डीचं बघा. तोही पाळीपाळीचाच खेळ. प्रो कबड्डीत नियम आहे की सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. चढाई तीच राहिली, फक्त रिकाम्या हाताने परतायला किंमत आली आणि सामना बघण्यासारखा झाला.

अ‍ॅटलसने शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्नमध्ये २००३ साली हेच केलं होतं. त्यातली प्रेस टर्न पद्धत ज्यांनी अनुभवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पार्टीत (आपल्या गटात) जितके जण, तितक्या पाळ्या. शत्रूच्या कमजोरीवर घाव घातला की अर्धीच पाळी खर्च होते, म्हणजे जादा वार मिळतो. वार हुकला किंवा शत्रूवर त्याचा परिणामच झाला नाही, तर दोन पाळ्या जातात. त्याने तो परतवला किंवा शोषून घेतला, तर उरलेल्या सगळ्या. आणि हाच नियम शत्रूलाही लागू. त्यातला मॅटाडोर हा शत्रू आठवतो का? लाल कापड फिरवून स्वतःची चपळाई इतकी वाढवतो की आपले वार हुकत जातात, आणि प्रत्येक हुकलेल्या वाराबरोबर दोन पाळ्या. लेव्हल वाढवत बसून त्याच्यावर फारसा उपाय होत नाही. त्याची चपळाई खाली आणणारं किंवा आपला नेम सुधारणारं कुणीतरी लागतं, आणि त्याच्या वाऱ्याच्या हल्ल्याला न जुमानणारे सोबती घेऊन जावं लागतं. पार्टी नव्याने बांधायला लावणारी लढाई कंटाळवाणी कशी म्हणायची?

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं मुद्दाम ऐकायची आहेत.

तुफानमेल

मांडणी आवडली, पण मी असहमत आहे.

एक तर ही पद्धत जन्मली नाइलाजातून. १९८६ च्या फॅमिकॉमला (निंतेंदोच्या घरगुती खेळयंत्राला) जेवढं झेपत होतं तेवढ्यात ड्रॅगन क्वेस्टने भागवलं: शत्रूचं स्थिर चित्र आणि खाली मेनू. नाइलाज संपला, मग पद्धत का जपायची? दुसरं, आज चेहऱ्यावरचा घामही दिसतो. अशा चित्रात समोरचा राक्षस तलवार उपसून माझी पाळी संपायची वाट बघत उभा राहतो, तेव्हा माझं त्या जगातलं मन उडतं.

तिसरं, पुरस्कारांपेक्षा खप बोलका असतो. फ्रॉमसॉफ्टवेअरही जपानीच. त्यांचा एल्डन रिंग २५ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती गेल्या. पूर्ण अ‍ॅक्शन. फायनल फँटसी १६ सुद्धा पहिल्या आठवड्यात ३० लाखांवर होता. तुम्ही ज्या अ‍ॅटलसचं कौतुक करताय, त्यांचा मेटाफर: रेफँटाझिओ पहिल्या दिवशी १० लाख गेला, कंपनीसाठी ते मोठंच यश. पण जगाचं मोठं मैदान कुठल्या बाजूला आहे ते उघड दिसतंय.

निशिकासाईकर

तुफानमेल, पहिल्या मुद्द्यावर थांबवतो, कारण हा गैरसमज फार पसरलाय.

फेब्रुवारी १९८६ मध्ये निंतेंदोचा लेजंड ऑफ झेल्डा आला, त्याच फॅमिकॉमवर, डिस्क सिस्टिम जोडून. पळा, तलवार चालवा, ढाल धरा, सगळं तिथल्या तिथे. ड्रॅगन क्वेस्ट आला त्याच वर्षी मे महिन्यात. दुसऱ्या वर्षी फालकॉम या जपानी कंपनीने ईस आणला, तोही अ‍ॅक्शन. म्हणजे दोन्ही वाटा तेव्हाच मोकळ्या होत्या आणि युजी होरी यांनी एक निवडली. होरी मुळात लिहिणारे. शोनेन जंप साप्ताहिकात लिहायचे. ड्रॅगन क्वेस्टआधी १९८३ मध्ये त्यांनी पोर्टोपिया ही खुनाच्या तपासाची गोष्ट केली होती, तिची फॅमिकॉम आवृत्ती मेनूतून कमांड निवडून खेळायची. विझर्ड्री आणि अल्टिमा या अमेरिकी खेळांचं त्यांना वेड होतं. ते किचकट खेळ जंप वाचणाऱ्या शाळकरी पोरांना झेपतील असे करायचे, हा खटाटोप. बोटं चपळ नसली तरी चिकाटी असेल तर शेवट गाठता येतो, हे ड्रॅगन क्वेस्टने पोरांना दिलं. याला नाइलाज म्हणणं होरींवर अन्याय आहे.

बाकी इथे तोक्योत रोज लोकलमध्ये दिसतं ते सांगतो. शेजारचा सूटमधला माणूस फोनवर ड्रॅगन क्वेस्ट वॉक खेळत असतो. २०१९ पासून चालू आहे, चालत फिरायचं आणि वाटेत पाळीपाळीने स्लाइम मारायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट ३ नव्या एचडी-टूडी रूपात (जुन्या धाटणीची पात्रं, नवी चित्रं) आला, मूळ लढाई शाबूत ठेवून, आणि महिन्याभराच्या आत २० लाखांवर गेला. १९८८ चा खेळ आहे तो.

अबोली

नेहमी वाचनमात्र असते, पण या विषयावर लिहायलाच हवं.

मला संधिवात आहे, बोटांच्या सांध्यांवर. सकाळी तर कंट्रोलर नीट धरताही येत नाही. टर्न-बेस्ड खेळात मी माझ्या वेळेने बटण दाबते, म्हणून मी अजून खेळू शकते. ज्यांना हा कालबाह्य प्रकार वाटतो त्यांनी माझ्यासारख्यांचाही विचार करावा.

आणि म्हणूनच एक्स्पिडिशन ३३ बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. संगीत, चित्रं, माणसं, सगळं अप्रतिम. पण शत्रूचा वार यायच्या नेमक्या क्षणी पॅरी करा (वार अडवा), नाहीतर चुकवा. आपल्या हल्ल्यांतलं वेळेवर दाबणं सेटिंग्जमधून आपोआप करता येतं. पॅरी आणि चुकवणं मात्र स्वतःच करावं लागतं. सगळ्यात सोप्या पातळीवर त्याला सवलत जास्त मिळते, तेवढाच आधार. टर्न-बेस्डचं भविष्य हेच असेल, तर त्यात मला जागा कमी आहे.

पुनर्वसू

अबोलीताई, +१. माझी तक्रार वेगळ्या बाजूने, पण तिथेच पोचते.

एक्स्पिडिशन ३३ मध्ये पॅरी हाताला बसली की नुकसान शून्य होतं, वर उलटा वार फुकट. मग ढाल चढवायची का, आधी औषध द्यायचं का, कुणाला मागे ठेवायचं, हे प्रश्न उरतच नाहीत. उलट दिशेने पिक्टोस आणि लुमिना (पात्रांना जादा क्षमता देणाऱ्या गोष्टी) यांची जुळणी जमली की बॉस तोंड उघडायच्या आत आडवा होतो. दोन्हीकडून पाळीतला विचार पातळ होतो. खेळ मला आवडला, पण यामुळे टर्न-बेस्ड वाचलं असं म्हणवत नाही.

वेळ साधायचा हा प्रकार नवाही नाही. सुपर मारिओ आरपीजीत १९९६ लाच होता, वार लागताना बटण दाबा की जोर वाढतो. २००१ च्या शॅडो हार्ट्समध्ये तर चकतीवर फिरणारा काटा नेमक्या जागी आला की बटण दाबावं लागायचं. पण तिथे ते जेवणातलं लोणचं होतं, पानभर वाढलेलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकाराचं शिखर फायनल फँटसी १०, २००१. पडद्याच्या कडेला पुढच्या पाळ्यांची रांग दिसते. कुठली कृती निवडली तर रांगेत आपण किती मागे जाणार, ते दाबायच्या आधीच कळतं. लढाईच्या मधोमध गडी बदलता येतो आणि बदलण्यात पाळी फुकट जात नाही. त्यामुळे वाका उडणाऱ्यांवर, लुलू जादूने मरणाऱ्या गोळ्यांवर, ऑरॉन चिलखतवाल्यांवर, प्रत्येकाला काम मिळतं. घड्याळ नाही, घाई नाही, आणि तरी एकही पाळी झोपेत जात नाही. फायनल फँटसीवाल्या स्क्वेअरने हे सोडून का दिलं, याचं वाईट आजही वाटतं.

तुफानमेल

निशिकासाईकर, झेल्डाचा मुद्दा मान्य. पण तुम्हीच बघा, घड्याळ आणायची सुरुवात स्क्वेअरने १९९१ लाच केली. फायनल फँटसी ४ मधली एटीबी (वेळेबरोबर भरत जाऊन पाळी येण्याची पद्धत) हिरोयुकी इतो यांची, आणि ती सुचली फॉर्म्युला वन शर्यत बघताना. म्हणजे टर्न-बेस्डच्या घरातच लोकांना ते स्थिर वाटत होतं. तिथून ७ च्या रीमेकपर्यंत सरळ रेष आहे.

अबोलीताईंचा मुद्दा मला मनापासून पटतो. पण तो सोयींचा मुद्दा आहे, आणि अ‍ॅक्शन खेळातही सोयी देता येतात. १६ मध्येच काही अंगठ्या आहेत, त्यांनी चुकवणं, हल्ल्यांची साखळी, सगळं सोपं होतं.

अबोली

त्या अंगठ्या वापरल्या आहेत. मदत होते, नाकारत नाही. पण तेव्हा खेळ माझ्या वतीने निर्णय घेतो. ड्रॅगन क्वेस्टमध्ये निर्णय माझा असतो आणि हात दुखत नाही. हा फरक माझ्यासाठी मोठा आहे.

दोन_लेकरांची_आई

माझा मुद्दा वेळेचा. लेकरं झोपल्यावर जे काही मिळेल तेवढ्यात खेळायचं. टर्न-बेस्ड मधेच खाली ठेवता येतं, कुणी रडलं तर उठून जाता येतं, शत्रू वाट बघतो. तुफानमेल यांना हेच खटकतं, मला हेच हवं असतं!

पण या प्रकाराच्या चाहत्यांनी एक मान्य करायला हवं. पूर्वीचे खेळ आमचा वेळ फार वाया घालवायचे. चार पावलं टाकली की पडदा फिरणार, संगीत बदलणार, तोच शत्रू. फायनल फँटसी ७ मध्ये नाइट्स ऑफ द राउंड बोलावले की मिनिटाहून जास्त नुसतं बघत बसा. लोक ज्याला टर्न-बेस्डचा संथपणा म्हणतात तो बराचसा या गोष्टींचा आहे, पाळीचा नाही. आणि त्या सुधारल्यासुद्धा! ब्रेव्हली डिफॉल्टमध्ये वाटेत शत्रू किती भेटावेत ते आपणच ठरवायचं, अगदी शून्यावरही नेता येतं, शिवाय लढाई पळवायची सोय. पर्सोना ५ मध्ये तर मेनूत वरखाली करणंच काढून टाकलं: हल्ला, पर्सोना, वस्तू, बचाव, प्रत्येकाला कंट्रोलरवर स्वतःचं बटण. लढाई पाळीचीच, पण हात थांबत नाही. तो खेळ २०१६ चा आहे आणि त्याच्याइतका चटपटीत मेनू मी अजून बघितलेला नाही.

खडूफळा

आई, हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. वाटेत अचानक होणाऱ्या चकमकी आणि पाळीची लढाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा राग दुसरीवर निघतो.

तुफानमेल, खपाबद्दल. एल्डन रिंगचे आकडे प्रचंडच आहेत. पण पोकेमॉन मोजायचा नाही का? स्कार्लेट आणि व्हायोलेट नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, पहिल्या तीन दिवसांत १ कोटी. १९९६ पासून तीच चार चाली आणि पाळीची लढाई.

तुफानमेल

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच पोकेमॉनने लेजंड्स: झेड-ए काढला, ज्यात पाळीच नाही. चाली चालवल्या की त्या पुन्हा भरायची वाट बघायची, तोवर ट्रेनर स्वतः पळतोय. तुमचा सगळ्यात मोठा गडही चाचपडून बघतोय की.

निशिकासाईकर

चाचपडणं दोन्ही दिशांनी चालू आहे, म्हणून मला सेगाचं उदाहरण फार बोलकं वाटतं.

र्‍यू गा गोतोकु, म्हणजे याकुझा मालिका, २००५ पासून रस्त्यावरची हाणामारी. १ एप्रिल २०१९ ला त्यांनी गंमत म्हणून टर्न-बेस्ड लढाईचा व्हिडिओ टाकला. लोकांना तो फार आवडला, आणि जानेवारी २०२० मध्ये सातवा भाग खरोखरच टर्न-बेस्ड आला. आता यात बघण्यासारखं हे की ते नुसतं नियम बदलणं नव्हतं. आधीचा नायक किर्‍यू एकटा लढणारा. नवा नायक कासुगा इचिबान लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्टवेडा, मारामारी सुरू झाली की त्याला समोरचे गुंड राक्षसांसारखे दिसतात. त्याच्याबरोबर कोण? नोकरी गेलेला पोलिस, बेघर झालेली माजी नर्स. म्हणजे नर्स पुरुष आहे, नानबा. ही चाळिशी-पन्नाशीची माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, आणि ते सांभाळणं पाळीतच दिसतं: याला औषध, त्याला आडोसा. एकट्या वीराची गोष्ट अ‍ॅक्शनला शोभते. सोबत्यांची गोष्ट सांगायची तर प्रत्येकाला थांबून त्याचा क्षण द्यावा लागतो. फायनल फँटसी १६ मध्ये आपण जवळजवळ सगळा वेळ एकट्या क्लाइव्हलाच चालवतो, तिथे मला पार्टी जाणवलीच नाही.

पुढचा भाग, इन्फिनिट वेल्थ, जानेवारी २०२४, हवाईत घडतो. तिथे आपल्या पाळीत एका वर्तुळाच्या आत हलता येतं. सोबत्याजवळ उभं राहिलात तर तोही मारायला येतो, कोन साधला तर एक गुंड दुसऱ्यावर आपटतो. पहिल्या आठवड्यात १० लाख. जी कंपनी अ‍ॅक्शन उत्तम करत होती, ती टर्नकडे आली आणि तिथे रमली.

पुनर्वसू

निशिकासाईकरांच्या प्रतिसादाला +१००. सोबत्यांचा मुद्दा या अंगाने कधी बघितला नव्हता.

मला मधल्या वाटेचा एक पर्याय दिसतो तो फालकॉमने काढलेला. ट्रेल्स थ्रू डेब्रेक, जपानमध्ये २०२१. किरकोळ शत्रूंना चालता चालता तिथेच बडवायचं, आणि अवघड वाटलं तर एका बटणावर त्याच जागी पाळीची लढाई सुरू. मेटाफरमध्येही तसंच, आपल्यापेक्षा फार खालच्या पातळीचे शत्रू रस्त्यातच निकाली निघतात, आणि बरोबरीचे असतील तिथे प्रेस टर्न आपल्या पूर्ण कडकपणासकट. खडूफळांच्या ‘रिकाम्या पाळी’वर मला तरी याहून चांगला उपाय दिसत नाही. जिथे विचार करण्यासारखं काही नाही तिथे पाळीच मांडायची नाही.

कुडाळकर_पोरगा

दादा-ताई, मी कॉलेजात आहे, कन्सोल नाही. होन्काई: स्टार रेल फोनवर खेळतो, २०२३ एप्रिलपासून आहे. तो चिनी आहे पण लढाई टर्न-बेस्डच, कमजोरीचं कवच फोडायचं वगैरे. माझे मित्र सगळे बीजीएमआयवाले (फोनवरचा गोळीबाराचा खेळ), तेही स्टार रेल खेळायला लागले. म्हणजे तरुणांना आवडत नाही हे मला नाही पटत.

पण एक खटकतं. त्यात ऑटो बटण आहे, आणि रोजची कामं सगळे ऑटोवरच लावतात. आणि नवी पात्रं मिळवायला नशीब नाहीतर पैसे. एका मित्राने घरच्या कार्डावरून बरेच घालवले, खूप बोलणी खाल्ली. मला असा खेळ हवाय जो एकदा घेतला की झाला. कुठून सुरू करू? भावाचा लॅपटॉप आहे, साधाच.

खडूफळा

तुझ्या प्रतिसादातला ऑटोचा मुद्दा फार नेमका आहे. लढाई न बघता जिंकता येत असेल, तर ती पाळी असली काय नि नसली काय. होन्काईच्या अवघड लढायांत ऑटो टिकत नाही, तिथे तुला खरी मजा येत असणार.

निशिकासाईकर

होरींच्या पुढच्या खेळाकडे माझं लक्ष याचसाठी लागलंय. ड्रॅगन क्वेस्ट १२ ची घोषणा मे २०२१ मध्ये झाली, तेव्हाच ते म्हणाले होते की कमांडची लढाई काढून टाकणार नाही, पण तिचं रूप बदलेल. मधल्या काळात संगीतकार सुगियामा गेले, मार्च २०२४ मध्ये चित्रकार तोरियामा गेले. ड्रॅगन क्वेस्ट उभा करणाऱ्या त्या तिघांतले होरी एकटे उरलेत. ते काय करतात त्यावर जपानमध्ये या प्रकाराचं बरंच ठरेल.

तुफानमेल

१२ मी पहिल्या दिवशी घेणार, हे नोंदवून ठेवतो. माझा विरोध होरींना नाही. नव्या चित्रांत जुनी उभं राहण्याची पद्धत मला अजूनही विजोड वाटते, इन्फिनिट वेल्थसारखं हलणं त्यात आलं तर माझी तक्रार बरीच कमी होईल.

अबोली

@कुडाळकर_पोरगा, बाळा, स्टीमवर (संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात) ड्रॅगन क्वेस्ट ११ एस चा डेमो फुकट आहे आणि चांगला लांबलचक आहे. आवडलं आणि पुढे विकत घेतलास तर तिथला सेव्ह पूर्ण खेळात नेता येतो, मेहनत वाया जात नाही. लॅपटॉपला जड गेला तर चित्रांची पातळी खाली आण. त्यातही नाही चाललं तर क्रोनो ट्रिगर बघ, १९९५ चा आहे, फोनवरही मिळतो, एकदाच पैसे.

पुनर्वसू

अबोलीताईंनी सुचवलेल्याला एक जोड. ड्रॅगन क्वेस्ट ११ एस नेहमीच्या पातळीवर बराच सोपा आहे, बरेचदा नुसतं ‘अटॅक’ करत गेलं तरी भागतं, आणि मग खडूफळा म्हणतात तो कंटाळा येतो. नवा खेळ सुरू करताना ड्रॅकोनियन क्वेस्टची (खेळ अवघड करणाऱ्या अटींची) यादी दिसेल. त्यातलं बलवान शत्रूंचं कलम तेव्हाच चालू कर. नंतर जड वाटलं तर चर्चमध्ये जाऊन बंद करता येतं, पण एकदा बंद केलं की त्या खेळात परत चालू होत नाही.

कुडाळकर_पोरगा

डाउनलोडला लावलाय. बलवान शत्रू चालू करूनच खेळणार. पहिल्या बॉसने आपटलं की इथेच विचारायला येतो.